भिंगरी आणि थोरलीचं छप्पर

मोज्यांची गिरणी बंद पडली तेव्हा वस्तीतल्या काही बायका रडल्या, काही पुरुषांनी गेटवर घोषणा दिल्या, आणि भिंगरीने घरातलं कपाट रिकामं करून पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी परत लावलं. मग कपाटच इकडून तिकडे सरकवलं, आणि ते तिकडे शोभत नाही म्हणून परत इकडे आणलं. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. डोळ्याला भिंग लावून तो केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरायचा आणि आतल्या खोलीत कपाट ओढलं गेलं की तो स्क्रू उडायचा. मग दोघं नवराबायको जमिनीवर गुडघे टेकून स्क्रू शोधायची. असं किती वेळा शोधणार माणूस?

शेवटी तो म्हणाला, "तू जरा बाहेर जा."

"कुठे?"

"कुठेही. जग एवढं मोठं आहे. मोज्यांच्या जोड्या लावणारी बाई कुठे ना कुठे लागतच असेल."

तर गिरणीत तिचं काम तेच होतं, जोड्या लावण्याचं. समोर मोज्यांचा ढीग, आणि त्यातून एका लांबीचे, एका रंगाचे, एका विणीचे दोन उचलून एकात एक सरकवायचे. बघणाऱ्याला हात दिसायचेच नाहीत, फक्त ढीग कमी होताना दिसायचा. पायही थांबायचे नाहीत. एका जागी उभी राहून ती दिवसभरात गावाला वळसा घातल्याइतकी चालायची. भिंगरी हे नाव तिला मुकादमाने दिलं. खरं नाव तिच्या नवऱ्याला आठवतं, पण तोही वापरत नाही.

आता अशा बाईला घरी बसवायचं म्हणजे वाहत्या पाण्याला मडक्यात राहा म्हणण्यासारखं. तिला कामाची गरज पैशासाठी नव्हती असं म्हणणार नाही, पैसा कुणाला नको असतो. पण पैशाआधी तिला हातांचं काहीतरी करायला हवं होतं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या बोटं चादरीच्या कडा जुळवत राहायची.

गिरणी गेली, पण गिरणीची हजेरीची खोली राहिली होती. तिथे वस्तीने कॉम्प्युटर केंद्र उभं केलं होतं. गिरणीतलाच यंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्री आणि शाळेतून निवृत्त झालेली एक शिक्षिका, जिला सगळे टीचर म्हणतात, या दोघांचा तो उद्योग. वस्ती खोलगटात. कंपनीची इंटरनेटची लाइन मुख्य रस्त्यावरच्या शाळेपर्यंत आली आणि तिथेच थांबली. कंपनीच्या साहेबाने वरच्या कठड्यावरून खाली पाहिलं, मान हलवली आणि गेला. मोबाइलवर साधं बोलायचं झालं तरी केंद्राच्या पायऱ्यांवर उभं राहावं लागायचं, रेंज तेवढी तिथेच. तेव्हा मिस्त्रीने शाळेच्या छपरावर एक छोटी तबकडी बसवली, तिच्या समोर चढावरच्या एका घराच्या छपरावर दुसरी, तिथून खाली केंद्रावर, आणि केंद्रावरून पुढे वस्तीभर, जसजशी घरं हो म्हणाली तसतशी. विहिरीवर रांग करून बादली हातोहात द्यावी तशी ही लाइन छपरावरून छपरावर जाते. मधल्या एकाने हात आखडला की पुढचे सगळे कोरडे.

केंद्रामुळे वस्तीचं भलं झालं, हे वाक्य पाटीवर ठीक आहे. प्रत्यक्षात काय झालं, तर नळवाल्याने एका नव्या पद्धतीच्या नळाचं पोट कसं उघडायचं ते पडद्यावर पाहिलं आणि गिऱ्हाइकासमोर लाज वाचवली. पोटुशी असलेल्या एकीने बसचे हेलकावे न खाता डॉक्टरणीला पाय सुजल्याचं दाखवलं. आणि कोपऱ्यावरचं ते मुकंबहिरं जोडपं, ज्यांची मुलगी लांब शिकायला गेली होती आणि ज्यांना फोनचा आजवर काडीचा उपयोग नव्हता, ते पहिल्यांदा पडद्यासमोर बसून मुलीशी हातांनी बोललं. तेव्हा खोलीतले बाकीचे आपसूक गप्प झाले. खरं तर गप्प राहायची काही गरज नव्हती.

भिंगरी तिथे गेली ती नवऱ्यावर चिडून. शिकली भराभर आणि शिकली वाईट. एक गोष्ट उघडायच्या आत दुसरीवर बोट दाबायची.

"थांबा जरा," टीचर म्हणायच्या, "तो विचार करतोय."

"त्याला विचार करायला कुणी सांगितलंय? मी सांगितलंय ते कर म्हणावं."

केंद्रात सुरुवातीला एक वेगळीच आपत्ती होती. गिरणीत सूत असायचं, सुताची उडती धूळ असायची, आणि तिला एक ठिणगी पुरायची. म्हणून नियम होता, खोलीतून शेवटी बाहेर पडेल त्याने दाराजवळचं मोठं बटण खाली ओढायचं. नाही ओढलं तर मुकादम सगळ्यांसमोर नाव घेऊन बोलायचा. वर्षानुवर्षं हे केल्यावर हात ऐकतो थोडाच. गिरणीतली माणसं कुठल्याही खोलीतून बाहेर पडताना दाराशेजारी हात टाकतात. कुणी न्हाणीघरात असताना घरचे दिवे जातात. केंद्रात तर टीचर शिकवत असताना कुणी पाणी प्यायला उठलं की सगळे पडदे काळे. शेवटी मिस्त्रीने केंद्रातल्या बटणावर लाकडी खोकं ठोकलं आणि म्हणाला, "आता ओढा काय ओढायचं ते."

असो. तर एके दिवशी टीचरनी तिला बाजूला घेतलं. शहरातल्या दातांच्या मोठ्या हॉस्पिटलला फोन घेणारं माणूस हवं होतं. लोक दुखतंय म्हणून फोन करतात, त्यांचं ऐकायचं, तारीख वेळ द्यायची, पडद्यावर टिपून ठेवायचं. शहरात जायला नको, केंद्रातच खुर्ची टाकून करायचं. एक सकाळ काम करून दाखवायचं. तिथल्या मॅडम पलीकडून ऐकतील आणि पसंत पडलं तर खुर्ची आपली.

"तुम्हाला जमेल?" टीचरनी विचारलं.

"ढिगातून जोडी काढायचीय ना," भिंगरी म्हणाली. "इकडे दुखणारे, तिकडे डॉक्टर. त्यात काय?"

ठरलेल्या सकाळी ती उजाडताच मिस्त्रीच्या दारात हजर.

"लाइन ठीक आहे?"

"ठीक आहे."

"बघितली?"

"काल बघितली. आज उठून बघितली. आता तुझ्यासाठी पुन्हा बघितली तर लाजून बंद पडेल."

तेवढ्याने तिचं समाधान होतं तर तिला भिंगरी कशाला म्हटलं असतं? तिथून ती निघाली ती चढावर, थोरलीकडे. शाळेसमोरची ती दुसरी तबकडी होती थोरलीच्या छपरावर. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. दीर वारले, लेक लग्न होऊन पलीकडच्या गावी गेली, आणि थोरली त्या घरात एकटी. तीही गिरणीतलीच. मोज्याचा अंगठा शिवायची. थोरलीच्या यंत्राखालून गेलेला अंगठा उसवला असं कुणी ऐकलं नाही, पण दिवसाकाठी तिचे मोजे सगळ्यांत कमी. बोलायचीही तशीच, एकेक शब्द सुईतून ओवून काढल्यासारखा. दोघी जावांचं भांडण होतं म्हणावं तर तसंही नाही. भांडायलासुद्धा दोघींचा वेग जुळावा लागतो.

थोरली पायात चपला अडकवत होती. हातात पिशवी.

"कुठे निघालात जाऊबाई?"

"लेकीकडे. बसची वेळ झालीय."

"आज? आजच?"

"का? आज काय आहे?"

"आज माझी परीक्षा आहे. लाइन तुमच्यावरून येते ना. त्या तबकडीच्या डब्याला हात लावला नाहीत ना?"

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. "तो बसवल्यापासून लावलेला नाही. आज कशाला लावू?"

"तसं नाही, पण पुसायला वगैरे..."

"पुसतही नाही. तुझ्या मिस्त्रीनेच सांगितलंय."

"बरं बरं, तुम्ही व्हा पुढे. मी फक्त दिवा बघते."

थोरली बाहेर जाऊन कुलूप हातात घेऊन उभी राहिली. भिंगरी आत गेली, भिंतीवरच्या डब्यातला हिरवा दिवा तिने वाकून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि आता उशीर होतोय हे ध्यानात येऊन तीरासारखी बाहेर आली. थोरलीने कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि ती बसच्या दिशेने आपल्या चालीने गेली. भिंगरी उताराने धावली.

केंद्रात शिरते तर टीचर उभ्या. पडद्यावर एक गोल गोल फिरत होतं.

"लाइन गेली," टीचर म्हणाल्या.

"गेली म्हणजे?"

"होती. तुम्ही यायच्या जरा आधी गेली."

मिस्त्रीने आपलं यंत्र काढलं, काहीतरी दाबलं, पाहिलं. "शाळा चालू आहे," तो म्हणाला. "थोरलीकडे बंद आहे. तिथे वीजच नाही."

"वस्तीत वीज आहे ना?"

"वस्तीत आहे. त्या घरात नाही."

भिंगरीच्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं. जोड्या लावायची सवय वाईट असते, मन पहिला सापडलेला मोजा दुसऱ्यात घालून मोकळं होतं. "बंद करून गेल्या," ती म्हणाली. "जाताना बटण ओढून गेल्या. मी आत्ता सांगून आले होते, आत्ता." आणि ती पायऱ्यांवर गेली. तिथे सकाळच्या वेळी फोन लावायला आलेली माणसं उभी असतात. त्या सगळ्यांच्या मध्ये उभी राहून तिने थोरलीला फोन लावला.

"जाऊबाई, एक काम होतं हो तुमच्याकडे. एकच. काही न करण्याचं. तेही नाही जमलं? सगळी वस्ती अंधारात घातलीत. माझ्या तोंडचा घास गेला. दिवसभर घरात असता, बसून असता, आणि आजच बरं तुम्हाला जायचं सुचलं, आणि जाताना बटण ओढायचं सुचलं..."

पलीकडे बसचा आवाज होता. कुणीतरी तिकीट मागत होतं. मग थोरली म्हणाली, "येते मी." आणि फोन बंद झाला.

पायऱ्यांवरचे लोक आपापल्या फोनकडे बघत होते. ऐकलं नाही असं दाखवण्याची तीच पद्धत आहे.

थोरली परत येईपर्यंतचा वेळ भिंगरीला कसा गेला हे तिलाच विचारा. टीचरनी पायऱ्यांवरून मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, फोन वाजताहेत, दुसऱ्या टेबलावर घेतोय, पण दुपार झाली की आम्ही थांबणार नाही. भिंगरीने नवऱ्याला बोलावून आणलं, कुलूप उघड म्हणाली.

"मी घड्याळं उघडतो," तो म्हणाला. "हे कुलूप आहे."

"स्क्रू असतात की त्यालाही."

"असतात. आतल्या बाजूला. म्हणूनच त्याला कुलूप म्हणतात."

मग ती मिस्त्रीला म्हणाली, मी छपरावर चढते आणि वरून हात घालते. मिस्त्री म्हणाला, "वरून त्या बटणापर्यंत पोचायला तुला कोळ्याचा जन्म घ्यावा लागेल, माणसाचा नाही चालणार." ती चढावर गेली, खाली आली, पुन्हा गेली. बस थांबते तिथे जाऊन उभी राहिली. उभी राहवेना म्हणून थांब्याभोवती फिरली. प्रत्येक बसमधून उतरणाऱ्या बाईचा तिला राग येत होता, ती थोरली नाही म्हणून.

थोरली आली. पिशवी तशीच हातात. धावत नाही, हळूही नाही, तिच्या नेहमीच्या चालीने. भिंगरीकडे न बघता तिने चढ चढला, कुलूप काढलं आणि दार ढकललं. दाराच्या डाव्या अंगाला मोठं बटण खाली ओढलेलं होतं.

"बघा," भिंगरी म्हणाली.

"बघतेय," थोरली म्हणाली. "मी बाहेर होते. कुलूप हातात धरून. आत कोण होतं?"

भिंगरीने बटणाकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. बटण डावीकडे होतं, बाहेर पडताना उजव्या हाताला यायचं. तिला काही आठवत नव्हतं. हिरवा दिवा आठवत होता, उशीर होतोय हे आठवत होतं, पण हात काय करून आला ते आठवत नव्हतं. हाताने तिला विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं तो न विचारताच करत आला होता.

"लाव आता," थोरली म्हणाली.

भिंगरीने बटण वर केलं. डब्यात दिवे लुकलुकले आणि हिरवा दिवा स्थिर झाला.

"आणि संध्याकाळी मिस्त्रीला पाठव. डबा काढून ने म्हणावं."

"जाऊबाई, चुकलं माझं. पण डबा काढला तर सगळ्यांचीच..."

"चुकलीस म्हणून नाही म्हणत. चुकतं माणसाचं. चारचौघांत मला बोललीस, ते आहे थोडं. पण ते थोडंच आहे." थोरलीने पिशवी खाली ठेवली. "डबा लावला तेव्हापासून तुमचं ते इंटरनेट माझ्या डोक्यावरून जातंय. कोण कुणाशी बोलतं, कुणाचं काय होतं, सगळं माझ्या छपरावरून. एकदा कुणी म्हणालं, थोरले, ये, बघ काय जातंय ते? मी फक्त बटण बंद न करणारी बाई."

भिंगरीने थोरलीचा हात धरला. "चला. आत्ता. बघा काय जातं ते." आणि ती तिला उताराने जवळजवळ ओढत घेऊन आली. अर्थात त्यात निम्मी घाई मॅडमची होती, हेही खरं.

खुर्चीत बसली तेव्हा तिला धाप लागली होती. कानावर लावायची तार नेमकी ढिली निघाली, तेव्हा टीचरनी आवाज मोकळा सोडला. सगळी खोली ऐकत होती. थोरली मागे भिंतीशी उभी. फोन सुरू झाले. भिंगरी उचलत होती, विचारत होती, टिपत होती, ढीग उपसत होती. पहिल्या काही जणांचं ठीक झालं. मग फोनवर एक म्हातारे गृहस्थ आले.

"दुखतंय हो. कधी येऊ?"

"गुरुवारी साडेदहा, दुसरा मजला, डावीकडची खोली, जुने कागद असतील तर घेऊन या, नाव सांगा."

"अं?"

"गुरुवारी साडेदहा, दुसरा मजला, डावीकडची..."

"डावीकडचाच दुखतोय."

"खोली हो, खोली डावीकडची. नाव सांगा."

"खोलीचं?"

मागून थोरली दोन पावलं पुढे आली. पडद्याकडे वाकून, जणू म्हातारा तिथेच बसलाय, तिने विचारलं, "आजोबा, रात्री झोप लागली का?"

"नाही हो," म्हातारा म्हणाला. "अजिबात नाही लागली."

"जवळ पेन्सिल आहे? आणा. सावकाश आणा, मी थांबते."

मी थांबते, असं म्हणून थोरली खरंच थांबली. पलीकडे खुर्ची सरकल्याचा, ड्रॉवर उघडल्याचा, कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज येत राहिला. टेबलाखाली भिंगरीचा पाय असा हलत होता की पडद्यावरचा मजकूर थरथरत होता. म्हातारा पेन्सिल घेऊन आला. थोरलीने त्याला वार सांगितला, वेळ सांगितली, त्याच्याकडून वाचून घेतली, आणि ती पुन्हा भिंतीशी जाऊन उभी राहिली. दुपारपर्यंत बाकीचे फोन भिंगरीनेच घेतले. मॅडम म्हणाल्या, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी मॅडम पडद्यावर आल्या तेव्हा टीचर बाहेर पायऱ्यांवर कुणाशी बोलत होत्या. खोलीत भिंगरी एकटीच होती.

"बाई, तुम्ही चलाख आहात," मॅडम म्हणाल्या. "पण आमच्याकडे येणारी माणसं दुखण्याने हैराण असतात. तुम्ही बोललात की ती आणखी घाबरतात. काल मध्येच एक आवाज आला होता, त्या कोण?"

"त्या? त्या सहज आल्या होत्या बघायला."

"मला त्या हव्यात. विचारा त्यांना. आणि तुमची लाइन एकाच घरावर अवलंबून आहे असं कळलं, तिला दुसरी वाट काढा. दोन्हीचं उद्या दुपारपर्यंत कळवा, नाहीतर मी दुसऱ्या केंद्राला देते."

पडदा मिटला. ऐकायला कुणी नव्हतं. थोरली नाही म्हणाल्या, एवढं एक वाक्य मॅडमना पुरलं असतं. मग मॅडमपुढे दोनच रस्ते उरले असते, दुसरं केंद्र किंवा भिंगरी. आणि भिंगरी हळू बोलायला शिकली असती, शिकून दाखवलं असतं. हे तिच्या मनात आलं नाही असं सांगितलं तर खोटं होईल. आलं, आणि बराच वेळ राहिलं.

ती घरी गेली. अंगण झाडलं. शेजारणीचं झाडलं. पुढच्या खोलीत येऊन नवऱ्याच्या टेबलामागून फेऱ्या घालू लागली.

भिंग न काढता तो म्हणाला, "काय झालं त्याचा नीट विचार कर."

"विचारच करतेय."

"नाही. तू फिरतेयस."

तेव्हा तिने सांगितलं. त्याने चिमटा खाली ठेवला, भिंग काढलं, डोळा चोळला.

"आणि नाही सांगितलं थोरलीला, तर?" ती म्हणाली.

"तर तुला माहीत असेल आणि मला माहीत असेल. बाकी कुणाला नाही." मग भिंग परत लावत म्हणाला, "फक्त मी झोपेत बोलतो."

"तुम्ही झोपेत घोरता."

"मध्ये मध्ये बोलतो."

ती तशीच बाहेर पडली आणि चढावर गेली. थोरली दारात बसून उसवलेली उशी शिवत होती. भिंगरीने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, मॅडम काय म्हणाल्या, मी काय म्हटलं, माझ्या मनात काय आलं, सगळं एका श्वासात. थोरलीने टाका पुरा केला.

"मला नको. तुझ्या ताटातलं मी खाणार नाही."

"माझ्या ताटात ते पडलंच नाही. वाढणाऱ्याने हात तुमच्याकडे वळवलाय."

"मला ते यंत्र येत नाही."

"मी शिकवते."

"तू?" थोरलीने पहिल्यांदा मान वर केली. "तू शिकवलंस तर मला घेरी येईल. टीचरना सांग."

म्हणजे हो होतं. भिंगरी ते कळून वळलीसुद्धा होती, तेवढ्यात थोरली म्हणाली, "थांब. डबा राहील. पण एक कर. पायऱ्यांवर उभी राहून बोललीस ना, तिथेच उभी राहून सांग, बटण कुणी बंद केलं ते."

दुसऱ्या सकाळी पायऱ्यांवर नेहमीची माणसं होती. नळवाला होता, ते मुकंबहिरं जोडपं होतं, शाळेची पोरं होती. थोरली खालच्या पायरीवर उभी होती, हातात तीच पिशवी. भिंगरी वरच्या पायरीवर गेली आणि तिने सांगितलं. म्हणजे, तोंडातून काहीतरी सर्रकन निघून गेलं.

"हळू सांग," थोरली खालून म्हणाली. "मागच्यांना कळलं नाही."

भिंगरीचे कान लाल झाले. "त्या दिवशी थोरलीकडचं बटण मी बंद केलं," ती म्हणाली, एकेक शब्द सुटा करत. "माझ्याच हाताने. आणि बोल त्यांना लावला."

नळवाला म्हणाला, "मी परवा आमच्या सासऱ्यांना न्हाणीघरात अंधारात ठेवलं," आणि लोक हसले. मुक्या बाईने ओठांवरून ओळखलेलं नवऱ्याला हातांनी समजावलं, तेव्हा तोही जरा उशिराने हसला. थोरली हसली नाही. ती पायऱ्या चढून आत गेली आणि खुर्चीत बसली.

भिंगरी बाहेरच राहिली. टीचरनी मॅडमना होकार कळवला होता, आणि आता खिडकीतून त्या थोरलीला काही दाखवताना दिसत होत्या आणि थोरली मान हलवत होती. खुर्ची तिच्या अंगाला अशी बसली होती की जणू तिच्या मापानेच शिवलीय. भिंगरीला बघवेना. घरी जावं तर घरी कपाट होतं.

"रिकामी आहेस ना?" मिस्त्री शिडी खांद्यावर घेऊन उभा होता. "दुसरी वाट काढायचीय. शाळेवरून तुमच्या घराच्या छपरावर आणि तिथून समोरच्या केंद्रावर. मला खाली केंद्राच्या दारात यंत्रापाशी बसायला लागेल. वर कुणीतरी पाहिजे."

"मला त्यातलं काही कळत नाही."

"कळायचं काही नाहीये. मी सांगेन तसं फिरवायचं. आणि लगेच पुढे पळायचं नाही, एवढं बघ."

ती चढली. गुडघ्यांना कुरकुर झाली, पण चढली. खाली दुकानात नवऱ्याने टेबलावरचे सगळे स्क्रू आधीच डबीत भरून ठेवले होते. छप्पर तापायला लागलं होतं. शाळेच्या माथ्यावरची तबकडी इथून रुपयाएवढी दिसत होती.

"आता?" ती ओरडली.

"नाही."

तिने आणखी वळवलं. "आता?"

"आलं. गेलं. तू फार फिरवलंस. माघारी घे, नखाएवढं."

"आता?"

केंद्राची खिडकी उघडली आणि थोरलीचं डोकं बाहेर आलं. "अगं, हळू," ती म्हणाली. "एक बाई फोनवर आहेत. त्या विचारताहेत तुमच्याकडे कुणाचा दात काढताहेत का."

भिंगरीने आवाज खाली आणला. दातांत स्क्रू धरून, बोटाच्या टोकाने तबकडी ढकलत तिने मिस्त्रीकडे पाहिलं. त्याने हात वर केला, तसाच धरला, आणि मग मान डोलावली. स्क्रू आवळून ती उठली तेव्हा तिला पलीकडच्या छपरांची रांग दिसली, नळवाल्याचं, मुक्या जोडप्याचं, त्यामागची.

"मिस्त्री," ती म्हणाली, "ती तिसरी तबकडी जरा वाकडी दिसतेय."

"ती चालू आहे. तिला हात लावू नकोस."

पण तोवर खाली उतरून तिने शिडी उचलली होती.